कॉन्ट्रा ते गॉड ऑफ वॉर: जुने ॲक्शन गेम घरच्या टीव्हीवर खेळायचे तर काय घ्यावं, काय तपासावं

तिसरं_बटण (धागाकर्ता)

मंडळी, 'कॉन्ट्रा', 'निन्जा गायडेन', 'सोनिक', 'डेव्हिल मे क्राय', 'गॉड ऑफ वॉर' हे गेम ज्यांना मोबाइलवर नाही, तर टीव्हीसमोर बसून हातात पॅड घेऊन खेळायचे आहेत, त्यांच्यासाठी हा धागा.

गेम मिळवणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते त्याला मूळ वेगात चालवणं, आणि बटण दाबल्याबरोबर पडद्यावरचा गडी उडी मारेल अशी जुळणी करणं. म्हणून कार्ट्रिजवर (गेमच्या खोचायच्या डबीवर) पैसे घालण्याआधी ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ ही भानगड समजून घ्या.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) जुलै १९८३ मध्ये जपानात आला. तिथला आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आणि त्या काळच्या बहुतेक ॲक्शन गेमचा सगळा हिशेब चित्रांवर चालतो: एका चित्राला इतकी पावलं, इतक्या चित्रांनी पुढची गोळी. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे ५० चित्रांचा. भारतात मीडिया, समुराई, टर्मिनेटर अशा नावांनी जे 'व्हिडिओ गेम' घरोघरी आले ते फॅमिकॉमच्या नकलेवर बेतलेले होते. त्यातले जे पाल टीव्हीसाठी बनले होते ते गेमला ५० चित्रांवर पळवायचे. प्रोसेसर मात्र मूळच्या जवळपास त्याच वेगाचा, १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे संगीताचा सूर बदलत नाही, लय तेवढी सुमारे १७ टक्क्यांनी मंदावते. सूर बरोबर लागत असल्यामुळे कानाला शंकाच येत नाही.

तपासायचं असेल तर घड्याळ लावा. मूळ वेगात ६० सेकंदांत संपणारा संगीताचा तुकडा ५० हर्ट्झवर ७२ सेकंद घेतो. नकली संचावर हात बसलेल्यांना खरा 'कॉन्ट्रा' पहिल्यांदा खेळताना शत्रू अंगावर धावून आल्यासारखे वाटतात ते यामुळेच. तुमचा हात गेलेला नसतो, गेम पहिल्यांदाच पूर्ण वेगात पळत असतो.

विजेच्या जोडणीबद्दल जाणकारांनी लिहावं, तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं.

---

सोल्डर_धूर

विजेचं मी लिहितो. जुना कन्सोल मरतो तो बहुधा चुकीच्या ॲडॉप्टरमुळे.

फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिॲम्पियर लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण असतो. एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकन आवृत्तीचा ॲडॉप्टर ९ व्होल्टचा, पण एसी. एनईएसच्या आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आहे, त्यामुळे त्याला एसी चालतं आणि डीसी कसंही उलटसुलट दिलं तरी चालतं. फॅमिकॉममध्ये तो रेक्टिफायर नाही. एनईएसचा ॲडॉप्टर फॅमिकॉमला लावला की आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि शेजारचा कपॅसिटर पहिला बळी. प्लग सारखा बसतो म्हणून लोक फसतात.

सेगा मेगा ड्राइव्हमध्ये तर एकाच कन्सोलच्या दोन आवृत्त्यांत फरक आहे. पहिल्या मॉडेलला मध्यभागी ऋण, दुसऱ्या मॉडेलला मध्यभागी धन, आणि प्लगचा आकारही निराळा. 'युनिव्हर्सल ॲडॉप्टर' म्हणून मिळणारी, टोकं बदलायची वस्तू वापरायची झाली तर आधी मल्टिमीटरने ध्रुव मोजा आणि मगच कन्सोलला हात लावा.

जपान-अमेरिकेहून आलेल्या ॲडॉप्टरवर 'इनपुट' ही ओळ वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर नुसता प्लग बदलून चालेल. १०० किंवा १२० एवढंच असेल तर २३० व्होल्टला थेट लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची वॅट क्षमता कन्सोलच्या गरजेच्या दीडपट तरी असू द्या.

एक लक्षण ओळखून ठेवा. चित्रावर एखादा फिकट आडवा पट्टा सावकाश वर सरकत असेल आणि स्पीकरमधून घुंइं आवाज येत असेल, तर फिल्टर कपॅसिटर सुकला आहे. त्याच्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि पट्टी असलेली ऋण बाजू जुन्यासारखीच बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे हे सुटे मिळतात.

---

जर्सीकर

छान धागा. माझा प्रश्न: न्यू जर्सीतला प्लेस्टेशन २ पुण्याला न्यायचा आहे. तिथे भारतात विकत घेतलेल्या डिस्क चालतील का? आणि घरी फक्त एचडीएमआयचा नवा टीव्ही आहे.

---

चकती

जर्सीकर, नाही चालणार. अमेरिकेतला कन्सोल एनटीएससी-यू (अमेरिकेच्या) विभागाचा आणि भारतात विकल्या गेलेल्या डिस्क पाल विभागाच्या. त्यामुळे तिकडूनच गेमही घेऊन या. तसं पाहिलं तर ते बरंच आहे, कारण अमेरिकन डिस्क ६० हर्ट्झवरच चालते. पाल डिस्कांपैकी बऱ्याच सुरू होताना ५० की ६० असं विचारतात. तिथे ६० निवडायला विसरू नका. काहींमध्ये ही सोयच नाही.

टीव्हीसाठी पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जी वायर कन्सोलसोबत येते, ती सोडून कंपोनंट केबल घ्या (हिरवी, निळी, लाल चित्रासाठी आणि लाल-पांढरी आवाजासाठी). केबल बदलण्याआधी, जुनीच वायर लावलेली असताना, कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट हे आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर करा. हे राहिलं तर चित्राचे रंग भलतेच येतात आणि केबल खराब निघाली असं वाटून लोक ती परत करतात.

'गॉड ऑफ वॉर'च्या अमेरिकन डिस्कवर ४८०पी (प्रत्येक वेळी सगळ्या ओळींचं पूर्ण चित्र देणारा सिग्नल) आहे, सेटिंग्जमध्ये चालू करता येतं. इतर बऱ्याच गेममध्ये गेम उघडत असताना त्रिकोण आणि फुली ही बटणं दाबून धरली की प्रोग्रेसिव्हची, म्हणजे ४८०पीची, विचारणा येते. टीव्हीला कंपोनंट सॉकेट नसेल तर कंपोनंट घेऊन एचडीएमआय देणारा डबा मधे लावावा लागेल. घेताना इनपुटला कंपोनंट आहे ना ते पाहा, कारण बाजारातले बरेचसे डबे फक्त पिवळी पिन घेतात.

---

आडवी_रेघ

त्या पिवळ्या पिनच्या स्वस्त डब्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या ॲक्शन गेमची सगळ्यात जास्त वाट तिथे लागते.

फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, प्लेस्टेशन १ हे बहुतांश वेळ २४०पी सिग्नल देतात: २४० ओळी, सेकंदाला ६० पूर्ण चित्रं. स्वस्त डब्याला, आणि बऱ्याच एलसीडी टीव्हींनाही, हा सिग्नल ४८०आय वाटतो. म्हणजे तो लागोपाठची दोन चित्रं एकाच चित्राचे दोन भाग समजतो आणि एकमेकांत विणतो. पळताना कडांना कंगव्याचे दात दिसतात ते याचंच चिन्ह.

आता कॉन्ट्रामध्ये काय होतं ते पाहा. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त ८ स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे छोटे तुकडे) दाखवता येतात. दोघांकडे 'एस' बंदूक (एका वेळी अनेक गोळ्या पसरवणारी) असली, शत्रूही तिथेच असले, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून गेम या चित्रात काही गोळ्या दाखवतो आणि पुढच्या चित्रात उरलेल्या. डबा टीव्हीवर (पाठीमागे फुगीर असलेल्या काचेच्या) हे नुसतं लुकलुकणं वाटतं. पण चित्रं विणणारा किंवा एकाआड एक चित्र गाळणारा कन्व्हर्टर मधे आला, की ठरावीक गोळ्या दिसतच नाहीत. नवा जीव आल्यावर काही क्षण लुकलुकणारा गडीसुद्धा अख्खा नाहीसा होऊ शकतो. लोक म्हणतात गेम कठीण आहे. अहो, गोळी दिसलीच नाही तर चुकवणार कशी!

उपाय दोन. डबा टीव्ही, किंवा २४०पी ओळखणारा खास स्केलर (सिग्नल नव्या टीव्हीजोगा करणारं यंत्र). रेट्रोटिंक आणि ओएसएससी ही त्यातली नावाजलेली नावं. किंमत दुकानातल्या डब्याच्या अनेक पट असते, पण ते हे काम नीट करतात.

शिवाय टीव्हीचा गेम मोड चालू करा. एका चित्राचा वेळ १६.७ मिलिसेकंद. रंग आणि हालचाल 'सुधारणारी' प्रक्रिया चालू असेल तर टीव्ही सहज चार-पाच चित्रं मागे पडतो. 'निन्जा गायडेन'मध्ये पक्षी अंगावर येतो तेव्हा तलवार चालवायला एवढाच वेळ हातात असतो. आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा, ताणू नका.

---

लाल_कार्ट्रिज

+१, आडवी_रेघ. वाखूसा (वाचनखूण साठवली).

डबा टीव्ही घेणाऱ्यांसाठी: फॅमिकॉम अँटेनाच्या वायरीने लावू नका. जपानी आरएफमध्ये चित्र आणि आवाज यांच्यात ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, आपल्या टीव्हीला ५.५ हवं. चॅनल जुळवून चित्र आलंच तरी आवाज येत नाही. एव्ही आउट (पिवळ्या पिनची जागा) बसवून घेतलेला फॅमिकॉमच शोधा. आणि टीव्हीच्या एव्ही इनपुटला एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० चित्रांची पद्धत) समजतं का तेही पाहा. समजत नसेल तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली लोळतं. विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या घरीच लावून बघा.

टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. हे काम जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचंच.

---

भिंगरी

कार्ट्रिजबद्दल कोणी लिहील का? आमच्याकडे माळ्यावर दहा-बारा आहेत, वरचं लेबल गेलंय. लावली की पडदा करडा किंवा चौकड्यांचा येतो. फुंकर मारली की एखादं चालतं. आणि बंदूक आहे तिचं काय, ती नव्या टीव्हीवर बदकं मारत नाही.

---

सोल्डर_धूर

भिंगरी, फुंकर थांबवा. तोंडातल्या वाफेने तांब्यावर गंज धरतो. फुंकल्यावर चालतं ते बहुतेकदा कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे, पिना नव्या जागी टेकतात म्हणून.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या घ्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. काडी ओली करून प्रत्येक पिनच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर ओढा. आडवी घासली तर कापसाचे धागे पिनांच्या मधे अडकतात. काडी काळी झाली की दुसरी घ्या. एका कार्ट्रिजला चार-पाच काड्या लागल्या तर नवल नाही. शेवटची काडी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं, मग कोरडी काडी फिरवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. हिरवट डाग निघत नसेल तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने घासा, आणि त्याचा चुरा झटकून पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर मुळीच नको, पिनांवरचा मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला.

अल्कोहोल लावलेलं तेच कार्ट्रिज कन्सोलमध्ये आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे कन्सोलच्या आतल्या पिनाही पुसल्या जातात. कन्सोल बंद आणि प्लग काढलेला हवा. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीला, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

कार्ट्रिज उघडून पाहिलंत तर आत हिरव्या पट्टीवर काळा गोल थेंब दिसेल. नकली कार्ट्रिजची ती खूण, चिप त्या थेंबाखाली असते. तिच्या आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पिना स्वच्छ असूनही चाललं नाही तर सोडून द्या.

बंदुकीचं सरळ आहे, एलसीडीवर चालणारच नाही. घोडा दाबला की गेम एक चित्र पूर्ण काळं दाखवतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीतला डोळा 'आधी अंधार, मग उजेड' हा क्रम त्याच क्षणी शोधतो. एलसीडीवर तो चौकोन काही चित्रं उशिरा येतो. शिवाय डोळ्यापुढचं सर्किट डबा टीव्हीच्या ओळींच्या १५ किलोहर्ट्झ लुकलुकण्यालाच प्रतिसाद देतं. पॅनेल कितीही भारी असलं तरी ते तिथे नसतं.

---

पुणेरी_पॅड

माळ्यावरची कार्ट्रिज ६० पिनांची असणार. अमेरिकन एनईएसला ७२ पिना. मधे कन्व्हर्टर लागतो आणि त्यावर लॉकआउट चिप (कन्सोलला कार्ट्रिज अस्सल असल्याची ओळख पटवणारी) असावी लागते. चिप नसली की एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत राहतो, कन्सोल स्वतःला रीसेट करत असतो. आतला ७२ पिनांचा कनेक्टर सैल झाला तरी हाच दिवा लुकलुकतो, त्यामुळे अस्सल एनईएस कार्ट्रिज लावून आधी खात्री करा.

आणि नकली संचाचा ९ पिनांचा पॅड मेगा ड्राइव्हला लावू नका. आकार तोच, आतली जोडणी निराळी.

---

चकती

जर्सीकर, जुना प्लेस्टेशन २ घेणाऱ्या बाकीच्यांसाठीही लिहितो. तपासायला जाताना दोन प्रकारच्या डिस्क न्या: निळ्या तळाची सीडी आणि चंदेरी तळाची डीव्हीडी. दोन्हींसाठी लेझर वेगवेगळ्या तरंगलांबीचा, त्यामुळे एक चालते आणि दुसरी नाही असं सर्रास होतं. डीव्हीडी शक्यतो 'गॉड ऑफ वॉर २'ची न्या. ती दुहेरी थराची आहे, थकलेला लेझर तिथेच अडखळतो. विक्रेत्याने स्वतःची लिहिलेली डिस्क लावून दाखवली तर ती परीक्षा धरू नका. एका थरात कोंबलेल्या प्रतींतून मधले व्हिडिओच काढून टाकलेले असायचे.

डिस्क बाहेर काढून तळ उजेडात धरा. गोल, रेकॉर्डसारखा ओरखडा नव्याने पडला असेल तर प्लेस्टेशन २च्या बारीक (स्लिम) मॉडेलमध्ये लेझरची चपटी पट्टीवजा वायर वर उचलून डिस्कला घासते आहे. ही तक्रार नेहमीची आहे. पट्टी खाली दाबून टेपने चिकटवली की थांबते, पण तोवर डिस्क खराब होतात. स्वतःची आवडती डिस्क पहिली लावू नका.

सीडी विकत घेताना लेबलची बाजू जास्त निरखा. सीडीचा माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा भरून निघत नाही. तळाचा हलका ओरखडा पॉलिशने जातो. पुसायचं ते मध्यापासून कडेकडे, गोल कधीच नाही.

मेमरी कार्डात घोटाळा होतो तो असा: प्लेस्टेशन १चा गेम प्लेस्टेशन २वर चालतो, पण सेव्ह करायला त्याला प्लेस्टेशन १चंच कार्ड लागतं. प्लेस्टेशन २च्या ८ एमबी कार्डावर ते सेव्ह नुसतं ठेवून देता येतं, गेम तिथून वाचत नाही. आणि कंपोनंटवरून प्लेस्टेशन १चा गेम २४०पी देतो, बरेच नवे टीव्ही तो दाखवतच नाहीत. अशा वेळी प्लेस्टेशन ३ कामाला येतो. त्याचं कुठलंही मॉडेल प्लेस्टेशन १ची डिस्क एचडीएमआयवर चालवतं. डिस्क आणि कन्सोलचा विभाग जुळला पाहिजे, आणि मेमरी कार्ड युटिलिटीमध्ये इंटर्नल कार्ड बनवून स्लॉट १ला नेमायचं. प्लेस्टेशन २च्या डिस्क मात्र फक्त सुरुवातीचे काही प्लेस्टेशन ३ चालवतात.

---

भिंगरी

एवढं सगळं करण्याची तयारी नसेल तर? मुलीला फक्त कॉन्ट्रा दाखवायचाय.

---

तिसरं_बटण

भिंगरी, मग काहीच जुनं घेऊ नका. २०१९चं 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' घ्या, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि पीसीसाठी आहे. ६० हर्ट्झवर चालतं, मधेच सेव्ह करता येतं, आणि त्यात एनईएस व फॅमिकॉम या दोन्ही आवृत्त्या आहेत. फॅमिकॉमची लावा. तिच्या कार्ट्रिजमध्ये कोनामीची स्वतःची चिप होती, त्यामुळे जंगलात पानं हलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतो आणि टप्प्यांच्या मधे नकाशा येतो. अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही.

एनईएस क्लासिक मिनी घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या ३० गेममध्ये 'सुपर सी' (कॉन्ट्राचा पुढचा भाग) आहे, पहिला 'कॉन्ट्रा' नाही.

३० जीवांचा कोड: शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघींना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड मूळचा १९८६च्या फॅमिकॉम 'ग्रेडियस'मधला. काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम तपासताना फार कठीण जात होता म्हणून त्यांनी तो घातला. 'सुपर सी'त निराळा आहे: उजवं, डावं, खाली, वर, ए, बी, स्टार्ट, आणि १० जीव मिळतात.

---

लाल_कार्ट्रिज

नकली पॅडवर कोड लागत नाही अशी तक्रार असते त्याचं कारण टर्बो बटणं. चार बटणांपैकी दोन टर्बो ए आणि टर्बो बी असतात. ती एका दाबात अनेक वेळा नोंद करतात आणि क्रम मोडतो. साधी ए-बी वापरा.

मुलीसोबत दोघींनी खेळताना धबधब्याचा तिसरा टप्पा सांभाळा. तिथे पडदा वर सरकतो तो वरच्या खेळाडूबरोबर, आणि जो पडद्याच्या खालच्या कडेखाली राहील तो मरतो. वर गेलेल्याने प्रत्येक कड्यावर थांबून दुसऱ्याला वर येऊ द्यायचं. आणि 'एस' हातात असताना दुसऱ्या बंदुकीचं 'एल' किंवा 'एफ' अक्षर समोर आलं तर त्याला अंगावर येऊ देऊ नका. ते उचललं की 'एस' जातं. 'आर' खुशाल घ्या, त्याने आहे तीच बंदूक जलद होते.

---

भिंगरी

फॅमिकॉमची आवृत्ती लावली. पानं हलतात! तिसऱ्या टप्प्यात ती खाली राहते आणि मी वर, आता कड्याकड्याला थांबतेय. गेम मोड चालू केल्यावर उडीत फरक लगेच कळला. चौथ्या टप्प्यात भिंतीवरचे लाल दिवे फोडताना गोळ्या आडव्या लागत नाहीत, काय करायचं?

---

लाल_कार्ट्रिज

शत्रूच्या तळांच्या टप्प्यात दिशेचं कुठलंच बटण न दाबता बी मारा, गोळी समोर भिंतीकडे जाते. आधी विजेचा अडसर बंद करणारा मधला लक्ष्यबिंदू फोडायचा, तोवर पुढे चालू नका, झटका बसून खिळून राहाल. खाली दाबून आडवं पडलात की समोरून येणाऱ्या बहुतेक गोळ्या डोक्यावरून जातात. एकीने पडून मधला भाग धरायचा, दुसरीने कडेचे सैनिक.